गणपती दूध प्यायले, तेव्हा विज्ञान गप्प नव्हतं

२१ सप्टेंबर १९९५. गणपतीची मूर्ती चमच्यातलं दूध पिते, अशी बातमी दिल्लीतून पहाटे निघाली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांसमोर दुधाच्या वाट्या घेऊन रांगा लागल्या. लंडनपर्यंत लोण पोचलं. ‘शास्त्रज्ञांनाही याचं उत्तर देता आलं नाही’ हे वाक्य मात्र आजही फिरतं, आणि ते साफ खोटं आहे. उत्तर तेव्हाच दिलं गेलं होतं.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीला पाजलं. चमच्यातलं दूध कमी झालं, पण रंगाचा ओघळ सोंडेवरून खाली उतरताना स्पष्ट दिसला. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध उतरत होतं, म्हणून ते कुणाला दिसत नव्हतं, इतकंच.

काठोकाठ भरलेल्या चमच्यात दूध कडेच्या किंचित वर फुगून राहतं. पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आवळून धरणारी ओढ, त्याला धरून ठेवतो. सोंड टेकली की हा ताण मोडतो, दूध दगडाला चिकटतं आणि पातळ थरात खाली सरकतं. मूर्ती आधीच ओली असेल तर आणखी सहज.

रांगेतल्या लोकांनी काही लबाडी केली नव्हती. चमचा रिकामा होताना त्यांनी खरंच पाहिलं होतं, म्हणून त्यांना हसणं मला अजिबात पटत नाही. चुकला तो अर्थ. खात्री करायची असेल तर घरातला वरवंटा उभा धरा, ओला करा आणि हळद घातलेल्या दुधाचा भरलेला चमचा त्याला टेकवा.