पाळीव कासवाचे ऊन खाणे व विश्रांती

पाळीव जलकासव पाण्याबाहेर येऊन ऊन किंवा दिव्याची ऊब किती वेळ घेते, कोठे व कसे झोपते, या सवयींवरून त्याच्या प्रकृतीचा आणि टाकीतील परिस्थितीचा अंदाज बांधता येतो. कासवाला बोलता येत नाही आणि आजार ते बराच काळ लपवते. त्यामुळे हा अंदाज महत्त्वाचा ठरतो. मात्र ऊन खाण्याचे तास मोजण्यापेक्षा त्या कासवाच्या नेहमीच्या क्रमात काय बदलले, हे पाहणे अधिक उपयोगी असते, कारण एकाच वयाच्या दोन कासवांचा दिनक्रमही सारखा नसतो.

कासवाच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते. अन्नाचे पचन, रोगप्रतिकार आणि स्नायूंची हालचाल यांसाठी लागणारी उष्णता त्याला बाहेरूनच मिळवावी लागते. शिवाय सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे त्याच्या त्वचेत ड-3 जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडे व कवच मऊ पडतात. हे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, म्हणून बंद खिडकीतले ऊन कासवाला ऊब देते, पण ड-3 देत नाही. पाण्याबाहेर कवच पूर्ण वाळले की त्यावरील शेवाळ व बुरशीलाही आळा बसतो.

निवांत ऊन खाणारे कासव मान लांब ताणते, मागचे पाय बाहेर काढून बोटे फाकवते आणि डोळे मिटून घेते. हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्यास कासव मेले की काय अशी शंका येते. पण पावलांचा आवाज होताच ते धपकन पाण्यात उडी घेते. नव्या घरात आणलेले कासव पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, कोणी पाहत असताना ऊन खाण्यासाठी टाकीत ठेवलेल्या फळीवर येतच नाही. हा भित्रेपणा असतो, आजार नव्हे.

रोज वर येणारे कासव एकाएकी येईनासे झाले तर प्रथम कासवाकडे नव्हे, थर्मामीटरकडे पाहावे. रेड-इअर्ड स्लायडर जातीच्या प्रौढ कासवासाठी पाणी साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस आणि बसण्याची जागा 30 ते 35 अंश ठेवतात. पाणीच फार उबदार झाले तर कासवाला वर येण्याचे कारण उरत नाही. फळी डगमगती वा निसरडी असणे, चढण उभी असणे, किंवा दांडगे कासव दुसऱ्याला जागेवरून ढकलत असणे, हीही नेहमीची कारणे आहेत. अतिनील दिव्याचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत असला तरी त्यातील किरण घटत जातात. म्हणून तो विझण्याची वाट न पाहता उत्पादकाच्या सूचनेनुसार, बहुधा 6 ते 12 महिन्यांनी, बदलतात.

याउलट दिवसरात्र फळीवरच बसून राहणे अधिक चिंतेचे. पाणी फार थंड असेल तर ते दुरुस्त करताच कासव पुन्हा पोहू लागते. तसे झाले नाही, आणि जोडीला अन्नावरची वासना गेली, डोळे सुजले, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले किंवा श्वास घेताना तोंड उघडे राहिले, तर श्वसनसंस्थेच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. पोहताना कवचाची एक कड सतत वर राहणे हे फुफ्फुसदाहाचे लक्षण असू शकते. संसर्ग झालेले सरपटणारे प्राणी मुद्दाम अधिक ऊब शोधतात; त्यांच्या परीने तो तापच होय. अंडी धरलेली मादीही जास्त ऊन खाते, पण ती बहुधा अस्वस्थपणे फिरते आणि मागच्या पायांनी उकरू पाहते. अशा मादीला अंडी घालण्यासाठी ओलसर माती न मिळाल्यास अंडी आत अडकण्याचा धोका असतो.

झोपेचे प्रकार अनेक आहेत. कासव तळाशी टेकून, दगडाखाली शिरून, पृष्ठभागावर तरंगत किंवा फळीवरच झोपते आणि मधूनमधून वर येऊन श्वास घेते. रात्रीही दिवे चालू ठेवल्यास ही विश्रांती बिघडते. थंडीत खाणे व हालचाल मंदावणे स्वाभाविक असते. पण पाणी योग्य तापमानाला असूनही कासव सुस्त पडून राहिले, हाताळल्यावर पाय आत ओढेना किंवा त्याची मान लुळी पडली, तर ही हिवाळ्याची सुस्ती आहे असे समजू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याला त्याच दिवशी न्यावे.