बोलिंग लाउंजची अंतर्गत रचना

टेनपिन बोलिंग म्हणजे जड चेंडू घरंगळवत दहा पिन पाडण्याचा खेळ. त्याच्या लेन (चेंडू घरंगळण्याच्या लांब पट्ट्या) आणि कॉकटेल बार एकाच दालनात बसवण्याची ही रचनापद्धती. खेळ आणि पेयपान यांची ही जोडी जुनीच आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात हॉलर हाउस या गुत्त्याच्या तळघरात १९०८ मध्ये दोन लेन टाकल्या गेल्या. तिथे पिन यंत्राने नव्हे, माणसांनी उभ्या करायची रीत राहिली. १९५०च्या दशकात पिन आपोआप उभ्या करणारी यंत्रे, म्हणजे पिनसेटर, आली आणि बोलिंगगृहे अवाढव्य झाली. कॅलिफोर्नियातील कोव्हिना बोलमध्ये (१९५६) इजिप्शियन थाटाचे प्रवेशद्वार होते आणि ‘पिरॅमिड रूम’ नावाचा कॉकटेल बारही. आजच्या लाउंजचा खरा पूर्वज हाच मानावा. पुढे खेळाची लोकप्रियता ओसरली. १९३८ पासून चालत आलेले मॅनहॅटनमधील बोलमोर १९९७ मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि त्याला झगमगीत रूप मिळाले. हॉलीवूडमधील लकी स्ट्राइक (२००३), लंडनमधील ऑल स्टार लेन्स (२००६) आणि जुन्या लोखंड कारखान्यात थाटलेले ब्रुकलिन बोल (२००९) ही त्यानंतरची ठळक उदाहरणे.

आराखडा लेनपासून सुरू होतो. बारला उरलेली जागा मिळते. फाउल रेषेपासून (चेंडू टाकताना जी ओलांडायची नसते) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, चेंडू टाकण्याआधी धावायला किमान १५ फूट, शिवाय मागे यंत्र आणि दुरुस्तीची गल्ली. म्हणजे ९० फुटांच्या आसपास सरळ लांबी हवी आणि मध्ये एकही खांब नको. लेनची रुंदी साडेतीन फुटांच्या आत असली तरी दोन लेनमध्ये चेंडू परत आणणारे यंत्र येते, म्हणून आखणी जोडीजोडीने करतात. जागा अपुरी असेल तर लहान पिन आणि लहान चेंडूचा डकपिन हा प्रकार आखूड लेनवर बसवतात.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे खेळाडूंची बैठक आणि धावपट्टी यांमधली सीमा. बोलिंगचा बूट शेवटच्या पावलाला घसरावा अशाच तळव्याचा असतो. ग्लासातून सांडलेला एखादा थेंब तळव्याला लागला, की तो घसरण्याऐवजी चिकटतो आणि सात किलोपर्यंतचा चेंडू हातात घेतलेला माणूस तोंडावर आपटतो. म्हणून पेयांची टेबले मागे ठेवतात, टेबलांना काठ देतात आणि मध्ये फरशीचा रंग किंवा पोत बदलतात. एक पायरी देऊनही सीमा दाखवता येते. पण हातात ट्रे घेतलेल्या वेटरला ती अंधारात दिसली पाहिजे. सजावटीच्या नादात काळ्या गालिच्यावर काळी पायरी करणारे रचनाकार कमी नाहीत.

प्रकाशाची मागणी दोन टोकांची असते. पिनांवर झगझगीत उजेड हवा, बारमध्ये मंद. पिनांच्या वर यंत्र झाकणारी लांब पट्टी असते. पूर्वी तिच्यावर निसर्गचित्रे असत, आता बहुधा व्हिडिओ पडदा असतो. आवाज हा जास्त अवघड प्रश्न. चेंडूची घरघर जमिनीतून पसरते, पिनांचा कडकडाट हवेतून. छताला ध्वनिशोषक थर लावला तरी घरघर थांबत नाही. त्यासाठी लेनखालच्या सांगाड्यातच कंपन अडवावे लागते, विशेषतः खालच्या मजल्यावर दुकाने असतील तर.

जुन्या लेन मेपल आणि पाइन लाकडाच्या असत. कृत्रिम लेन आल्यावर काढलेल्या या फळ्या बारच्या काउंटरसाठी वापरण्याची प्रथा पडली. नेम धरण्यासाठी लेनवर असलेले खुणेचे बाण तसेच ठेवलेले काउंटर अनेक ठिकाणी दिसते. ही सजावट छानच, फक्त आता थोडी सरधोपट झाली आहे.

मुंबईत बोलिंग रुळले ते मुख्यतः लोअर परळच्या गिरणी आवारांत. फिनिक्स मिलमधील द बोलिंग कंपनी आणि कमला मिलमधील स्मॅश ही त्यातली ओळखीची नावे. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट असल्याने, मुलाबाळांसह येणारी कुटुंबे आणि परमिट रूम यांची सरमिसळ होणार नाही अशी विभागणी करावी लागते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील पबना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर ज्वलनशील सजावट आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांकडे काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. बोलिंग लाउंजमध्ये यात एक जादा अडचण असते. लेनवर तेलाचा थर असतो, त्यामुळे पिनांच्या बाजूला दरवाजा असला तरी गर्दीला तिकडे पळता येत नाही. सुटकेच्या सगळ्या वाटा बार आणि बैठकीच्या बाजूलाच काढाव्या लागतात.