चुकीची बोली की चुकीचा खुलासा?

ब्रिजचा डाव, उत्तर-दक्षिण ही एक जोडी आणि पूर्व-पश्चिम ही दुसरी. दक्षिणेने 1 नो ट्रंपने (म्हणजे हुकुमाशिवाय खेळायच्या बोलीने) बोली उघडली, पश्चिमेने 2 किलवर म्हटलं. उत्तरेने पूर्वेला, म्हणजे पश्चिमेच्या भिडूला, या बोलीचा ठरलेला अर्थ विचारला. "इस्पिक आणि बदाम, दोन्ही लांब," पूर्व म्हणाला. उत्तरेकडे इस्पिकची पाच पानं आणि मोठ्या पानांचे दहा पॉइंट होते, पण बाकीची इस्पिकं पश्चिमेकडेच असणार म्हणून त्याने इस्पिकचा नाद सोडला आणि 3 नो ट्रंप बोलला. पश्चिमेची उतारी किलवरची. त्याच्याकडे किलवरची सहा पानं होती आणि इस्पिकची जेमतेम दोन. 3 नो ट्रंप दोन डाऊन गेलं, म्हणजे बोलीपेक्षा दोन हात कमी पडले. 4 इस्पिक आरामात होत होतं.

डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, हाक जाते आणि सगळे पश्चिमेच्या पानांवरून भांडायला लागतात. "सांगितलं एक आणि निघालं भलतंच!" तक्रार समजण्यासारखी आहे, पण पानांवरून निकाल लागत नाही. डायरेक्टर विचारतो ते वेगळंच: या जोडीचं 2 किलवरबद्दल ठरलंय काय?

समजा, प्रतिस्पर्ध्याच्या 1 नो ट्रंपवर 2 किलवर म्हणजे इस्पिक-बदाम, असंच ठरलेलं आहे आणि पश्चिम ते विसरला. मग पूर्वेचा खुलासा शंभर टक्के खरा. चुकली ती बोली, आणि चुकीची बोली हा नियमभंग नाही. प्रतिस्पर्ध्यांना जोडीचा करार जाणून घ्यायचा हक्क आहे, पश्चिमेच्या हातात काय आहे ते जाणून घ्यायचा नाही. निकाल आहे तसा राहतो. उत्तर-दक्षिणेला हे झोंबतं, तरीही नियम योग्यच आहे असं मला वाटतं. विसरणं हा गुन्हा ठरवला तर नवशिक्यांनी खेळायचं कसं?

आता उलट समजा. 2 किलवर म्हणजे साधे किलवर असंच ठरलेलं आहे आणि पूर्वेने दुसऱ्याच भिडूबरोबरची पद्धत सांगितली. पानं तीच, बोली तीच, पण हा चुकीचा खुलासा झाला. उत्तरेला खरं कळलं असतं तर तो इस्पिककडे वळला असता. अशा वेळी डायरेक्टर निकाल बदलतो आणि 4 इस्पिक गाठून पूर्ण होण्याची शक्यता किती होती, ते धरून गुण देतो.

मग ठरलेलं काय होतं हे सिद्ध कसं करायचं? इथे 2017 च्या नियमावलीतलं 21 वं कलम कामी येतं: उलट पुरावा नसेल तर डायरेक्टरने खुलासाच चुकीचा धरायचा. "मी विसरलो हो," एवढं पश्चिमेने सांगून भागत नाही. म्हणूनच कन्व्हेन्शन कार्ड, म्हणजे जोडीने बोलींचे ठरलेले अर्थ लिहायचं कार्ड, नीट भरलेलं हवं. आपल्याकडे क्लबात निम्मी कार्डं कोरी असतात, आणि हे मला मनापासून खटकतं. शिवाय तोच भिडू तीच बोली वारंवार विसरत असेल आणि जोडीदाराला ते ठाऊक असेल, तर ते विसरणंही त्यांच्या कराराचाच भाग होतं आणि प्रतिस्पर्ध्यांना सांगावं लागतं. आणि काहीच ठरलेलं नसेल तर? "आमचं काही ठरलेलं नाही" हाच प्रामाणिक खुलासा. अंदाज ठामपणे सांगितला तर तीही चुकीची माहितीच.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे, आणि तिथेच अनुभवी खेळाडूही घसरतात. पूर्वेचा खुलासा पश्चिमेच्या कानावर पडतो, पण त्याला तो वापरता येत नाही. समजा उत्तरेने पास केला आणि पूर्वेने 2 बदाम म्हटलं. पश्चिमेने साधे किलवर दाखवायला बोली केली होती. तेव्हा त्याने पूर्वेकडे स्वतःचेच लांब बदाम आहेत असं धरायचं. पास हा रास्त पर्याय असताना घाईने 3 किलवरकडे पळायचं नाही. पळाला तर 16 व्या कलमाखाली, खुलासा खरा असूनही, निकाल बदलू शकतो.

बोलायचं कधी, हेही वेगळं. आपणच विसरलो हे पश्चिमेला उमगलं तर त्याने गप्प राहावं. डाव संपल्यावरही सांगण्याचं बंधन नाही. पण भिडूचा खुलासा चुकलाय असं वाटत असेल, तर बोली चालू असताना चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. कंत्राट (म्हणजे शेवटची, खेळायची बोली) आपल्या बाजूचं झालं तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीआधी डायरेक्टरला बोलवून सांगायचं. बचावात असलो तर डाव पूर्ण संपल्यावर. ज्याने स्वतः चुकीचं सांगितलं त्या पूर्वेला मात्र एवढी वाट पाहायची गरज नाही. लक्षात येताच त्याने डायरेक्टरला बोलवावं. बोली चालू असेल आणि दक्षिण त्यानंतर बोलला नसेल, तर उत्तरेला आपली शेवटची बोली विनादंड बदलता येते.