ठोकळा-प्रोग्रॅमिंग : पहिल्या परीक्षेची तयारी

आज्ञा टाइप न करता पडद्यावरचे रंगीत ठोकळे ओढून, एकमेकांत बसवून प्रोग्रॅम रचायला शिकलेल्या विद्यार्थ्याने संगणकशास्त्राच्या पहिल्या परीक्षेसाठी करावयाचा अभ्यास. येथे अमेरिकेतील कॉलेज बोर्डाची ‘एपी कंप्युटर सायन्स प्रिन्सिपल्स’ ही शालेय विद्यार्थ्यांसाठीची परीक्षा (पहिली मे २०१७ मध्ये) आणि तिच्या काही वर्गांत वापरले जाणारे ‘स्नॅप!’ हे ठोकळा-प्रोग्रॅमिंगचे साधन आधाराला घेतले आहे.

ठोकळ्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. अध्यापनाची मूळ दृष्टी १९६७ च्या ‘लोगो’ भाषेची, हे सामान्यतः मान्य आहे. पण लोगोत आज्ञा टाइपच कराव्या लागत. आकार जुळला तरच तुकडा बसेल, ही कल्पना ग्लिनर्ट यांच्या ‘ब्लॉक्स’ प्रणालीत १९८६ च्या सुमारास आढळते. एमआयटीतील बेगेल यांचे ‘लोगोब्लॉक्स’ १९९६ च्या आसपासचे, आणि ‘ईटॉइज’ हे मुलांसाठीचे प्रोग्रॅमिंगचे साधन साधारण त्याच काळातले. केवळ कालक्रम पाहिला तर अग्रमान ग्लिनर्ट यांना द्यावा लागतो. तथापि आजच्या वर्गातील ठोकळ्यांची वंशावळ लोगोब्लॉक्स व ईटॉइज यांच्याकडून लावणे अधिक सयुक्तिक वाटते. २००७ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘स्क्रॅच’ हे ठोकळ्यांचे साधन एमआयटीच्याच मीडिया लॅबमध्ये घडले आणि त्याची पहिली आवृत्ती ईटॉइजप्रमाणेच ‘स्क्वीक’ या प्रोग्रॅमिंग प्रणालीत लिहिलेली होती. स्नॅप! हा स्क्रॅचचाच विस्तार. येन्स मोनिग व ब्रायन हार्वी यांनी तो आधी ‘बिल्ड युअर ओन ब्लॉक्स’ या नावाने पुढे आणला. बर्कली विद्यापीठाचा ‘ब्यूटी अँड जॉय ऑफ कंप्युटिंग’ हा अभ्यासक्रम त्यावर उभा आहे.

परीक्षा कोणत्याही एका भाषेची नसते. ७० बहुपर्यायी प्रश्न, वेळ १२० मिनिटे, गुणांचा वाटा ७० टक्के. प्रोग्रॅमविषयक प्रश्न बोर्डाच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत, मजकूर किंवा चौकटी अशा दोन रूपांत येतात. ठोकळ्यांतला प्रश्न मजकुरातल्यापेक्षा सोपा जातो का, याचा वेध वाइनट्रॉप व विलेन्स्की यांनी २०१५ मध्ये घेतला. फरक संकल्पनेगणिक बदलतो, असे त्यांना आढळले.

स्नॅप!मध्ये शंका आली की ठोकळ्यावर क्लिक करून उत्तर पाहता येते. परीक्षेत ती सोय नाही, म्हणून तयारीचा गाभा म्हणजे ड्राय रन, म्हणजे संगणकाविना कागदावर ओळीओळीने प्रोग्रॅम चालवून पाहणे : प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, प्रत्येक फेरीला एक ओळ. परीक्षेआधीच्या आठवड्यात नवे प्रकल्प रचत बसण्यापेक्षा हा तक्ता हाताने भरणे कितीतरी हिताचे. संकेतांतले बारीक भेद तेथेच उघडे पडतात. समजा :

क ← [२०, ४०, ६०]
ख ← क
ख च्या शेवटी ८० जोडा

आता क मध्ये घटक किती? परीक्षेच्या संदर्भपत्रकानुसार दुसऱ्या ओळीत यादीची प्रत केली जाते. म्हणून क मध्ये ३, ख मध्ये ४. स्नॅप!मध्ये मात्र दोन्ही नावे एकाच यादीला लागतात, आणि क मध्येही ४ घटक दिसतात. वर्षभर स्नॅप! हाताळलेला विद्यार्थी मनापासून, विचार करून ‘४’ असे उत्तर देतो आणि गुण गमावतो. शिक्षकाने हा भेद दोन्ही तक्ते शेजारी मांडूनच दाखवावा.

यादीतील घटकांचा क्रमांक परीक्षा, स्नॅप! व स्क्रॅच या तिन्हीकडे १ पासून सुरू होतो, त्यामुळे तेथे अडत नाही. परंतु पाच घटकांच्या यादीत सहावा मागितला तर स्क्रॅच निमूटपणे रिकामी किंमत देते, तर परीक्षेच्या संकेतात त्रुटी येऊन प्रोग्रॅम तेथेच थांबतो. ‘अमुक होईपर्यंत पुन्हा करा’ या लूपची अट आधी तपासली जाते. ती सुरुवातीलाच खरी असेल तर फेऱ्या शून्य. यादृच्छिक संख्येच्या आज्ञेत दोन्ही टोके धरली जातात.

उरलेले ३० टक्के गुण विद्यार्थ्याने वर्षभरात स्वतः रचलेल्या प्रोग्रॅमला असतात. २०२४ पासून त्यावरचे लेखी प्रश्न परीक्षेच्या दिवशीच, ६० मिनिटांत सोडवावे लागतात. त्या वेळी स्वतःच्या प्रोग्रॅममधील प्रक्रियेची (प्रोसिजरची) व यादीची आधी सादर केलेली पडद्याची छायाचित्रे (स्क्रीनशॉट) समोर असतात. त्यांत टिपा लिहिलेल्या चालत नाहीत. व्हेरिएबलला ‘x१’ऐवजी ‘उरलेले-प्रयत्न’ असे नाव देण्याची सवय पहिल्याच प्रकल्पापासून लावावी ती यासाठी.