काम पुरं करणं तुझ्यावर नाही: रब्बी तारफोन यांच्या वचनाची पार्श्वभूमी

‘दिवस थोडा, काम फार, मजूर आळशी, मजुरी मोठी, आणि घरधन्याचा तगादा.’ पिर्के अवोत या ज्यू सुवचनांच्या ग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, रब्बी (धर्मपंडित) तारफोन यांचे हे पाच तुकडे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ प्रसिद्ध वचन: ‘काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण ते टाकून द्यायला तू मोकळाही नाहीस.’ आज हे वचन मोर्च्यांच्या फलकांवर दिसतं, शोकसभांत ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ‘धीर सोडू नका’ एवढ्याच अर्थाने. मुळात मात्र ही मजुरीच्या कायद्याची भाषा आहे. तो कायदा बाजूला ठेवला तर वचनातली सक्ती निसटते, आणि उरतो तो नुसता दिलासा.

तारफोन पुरोहित घराण्यातले. तरुणपणी मामाच्या मागोमाग यरुशलेमच्या मंदिरातल्या चौथऱ्यावर गेल्याची त्यांची आठवण तलमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चांच्या महाग्रंथात, नोंदली आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. त्यानंतर लोद या गावात शिकवणारी जी पिढी होती, तिच्यासमोर मोडलेला सगळा संसार नव्याने मांडायचा होता: यज्ञाविना उपासना कशी, पंचांग कोणी ठरवायचं, न्यायनिवाडा कुठे. हे एका आयुष्यात उरकणारं काम नव्हतंच. लोदमधल्या एका माडीवर ‘अभ्यास थोर की कृती’ असा वाद झाला, तेव्हा तारफोन यांनी कृतीची बाजू घेतली, रब्बी अकिवा यांनी अभ्यासाची. अभ्यास माणसाला कृतीकडे नेतो म्हणून तो थोर, असा निकाल लागला. वचनातलं ‘काम’ म्हणजे पहिल्यांदा तोराचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, अभ्यास, हे पुढच्याच वाक्यावरून कळतं. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी येहूदा हानासी यांनी मिश्ना (तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा संग्रह) संकलित केली. पिर्के अवोत तिचाच भाग.

आता मजुरीचा कायदा. बावा मेत्सिया या तलमूदमधल्या ग्रंथात रोजंदारीचा मजूर आणि उक्तं काम घेणारा यांत फरक केला आहे. रोजंदारीवाल्याला भर दुपारी काम सोडता येतं आणि तोवरची मजुरीही मिळते. उक्तं घेणारा मध्येच उठला तर नुकसान त्याच्या माथी. रोजंदारीवाल्याच्या मोकळीकीचं कारण तिसऱ्या शतकातले ‘राव’ नावाचे पंडित देतात: बायबलमधल्या लेवीय ग्रंथात देव म्हणतो की इस्राएल माझे सेवक आहेत, म्हणजे ते सेवकांचे सेवक नव्हेत. माणूस माणसाला दिवसभर बांधून ठेवू शकत नाही.

या मोकळीकीला अपवाद आहे आणि मिश्नाने त्याचं उदाहरण शेतातूनच घेतलं आहे. वाखासाठी जवसाचे दांडे पाण्यात भिजत घातलेत, आता ते काढायचेत. वेळेवर निघाले नाहीत तर वाखच कुजतो. अशा वेळी मजूर उठून गेले आणि दुसरे मिळेनात, तर मालकाने त्यांच्या खर्चाने जास्त दराचे मजूर लावावेत. तारफोन यांचं वाक्य या दोन्ही नियमांच्या मध्ये उभं आहे. ज्या सेवकपणामुळे माणसाच्या कामातून केव्हाही उठता येतं, त्याच सेवकपणामुळे देवाच्या कामातून उठता येत नाही, असं आमचं वाचन आहे. पंधराव्या शतकातले इटालियन भाष्यकार ओवादिया बर्तिनोरो दुसरी बाजू स्पष्ट करतात: सगळं संपवलं नाहीस तर मजुरी बुडेल, अशा बोलीवर तुला लावलेलंच नाही. थोडक्यात, उक्तं नाही, रोजंदारी आहे. फक्त दुपारी घरी जायची सोय नाही.

पण एकाने अर्धवट ठेवलेलं दुसऱ्याने उचलायचं कसं? त्याचा नमुना छापील तलमूदच्या पानावरच आहे. पानाच्या मधोमध मिश्ना आणि गेमारा (मिश्नावरची चर्चा), आतल्या बाजूला राशींचं भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या टिपा. राशी (१०४०–११०५) फ्रान्समधल्या त्र्वा गावचे. मक्कोत या ग्रंथाच्या १९ब पृष्ठावर त्यांचा रकाना मध्येच थांबतो आणि त्याच रकान्यात मजकूर येतो: ‘आमच्या गुरूंचा देह शुद्ध, त्यांचा आत्मा शुद्धतेत निघून गेला. त्यांनी पुढे अर्थ सांगितला नाही. इथून पुढे त्यांचा शिष्य रब्बी येहूदा बर नातान याची भाषा.’ हा शिष्य त्यांचा जावईही. पुढच्या ओळीपासून रकाना तसाच चालू राहतो. बावा बत्राच्या २९अ वर अशीच खूण आहे. तिथून राशींचे नातू राशबाम लिहितात, आणि ते इतकं ऐसपैस की आजोबांची काटकसर सरावाची झालेल्या वाचकाला बदल लगेच जाणवतो. आजोबांची शैली उसनी घेऊन सांधा झाकण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही. कुणाचा हात कुठे थांबला ते सांगायचं आणि पुढे लिहायचं, ही प्रामाणिक रीत आम्हाला या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

तलमूद स्वतःही मोकळी टोकं ठेवतं. तीनशेहून जास्त ठिकाणी चर्चा ‘तेकू’ या शब्दावर संपते: प्रश्न उभाच राहू द्या. ग्रंथ वाचून झाला की ‘हाद्रान’ म्हणतात, म्हणजे आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तू आमच्याकडे परत ये. मग कद्दीश ही प्रार्थना, जेवण, आणि पुढचा ग्रंथ.

या सगळ्याला वेळापत्रक दिलं ते रब्बी मेईर शापिरो यांनी. ऑगस्ट १९२३ मध्ये व्हिएन्नात अगुदात इस्राएल या कर्मठ ज्यू संघटनेच्या महासभेत त्यांनी ‘दाफ योमी’ मांडलं: जगभर सर्वांनी रोज तलमूदचं तेच एक पान, दोन्ही बाजूंनी, वाचायचं. त्यांची तक्रार अशी की लोक ठरावीक ग्रंथच वाचतात आणि बाकीचे अनाथासारखे पडून राहतात. ११ सप्टेंबर १९२३ ला, रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या सणाला, पहिली फेरी सुरू झाली आणि २ फेब्रुवारी १९३१ ला संपली. शापिरो १९३३ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली ती एवढी एकच फेरी. तिसरी फेरी जून १९३८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये संपली. या सात वर्षांत ल्युब्लिनमधली त्यांची येशिवा (तलमूदची पाठशाळा) बंद पडली आणि पोलंडमधले बहुतेक वाचक मारले गेले. तरी चौथी फेरी ठरल्या दिवशी सुरू झाली.

पहिल्या सात फेऱ्या २,७०२ दिवसांच्या होत्या. आठवीपासून शेकालिम या ग्रंथासाठी २२ पानांची आवृत्ती धरली. आधी १३ धरत. म्हणून फेरी २,७११ दिवसांची, जवळजवळ साडेसात वर्षांची झाली. जवळजवळ प्रत्येक ग्रंथ पान २ पासून सुरू होतो, त्यामुळे १७६ पर्यंत आकडे असलेल्या बावा बत्राला १७५ दिवस लागतात, मक्कोतला २३, होरायोतला फक्त १३. सुट्टी नाही. तिशा बआवच्या उपवासाला नेहमीचा अभ्यास वर्ज्य असतो, तेव्हा त्या दिवसाचं पान आधी किंवा नंतर उरकतात.

गाडी अडते ती बहुधा एकाच जागी. आठवडाभर खंड पडतो, सात पानं साठतात, आणि वाचक आधी ती संपवायला बसतो. आजचं पान उद्यावर, उद्याचं परवावर, असं करत तो वर्गाबरोबर राहत नाही आणि ग्रंथ सुटतो. अनुभवी शिक्षक उलट सांगतात: आज वर्ग ज्या पानावर आहे तिथे येऊन बसा, मागची पानं शुक्रवारी-शनिवारी एकेक करून भरा, नाही भरली तर पुढच्या फेरीत. चालू चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली. निद्दा या शेवटच्या ग्रंथाच्या शेवटच्या पानाने ती ७ जून २०२७ ला संपेल आणि ८ जूनला पुन्हा पहिला ग्रंथ, बराखोत, पान २.