वूश्या सिनेमातल्या लढाया आणि लढणाऱ्या नायिका

हाँगकाँग आणि तैवानमधल्या तलवारबाजीच्या सिनेमांना, म्हणजे वूश्याला, साधारण 1965 ते 1975 या काळात जे रूप आलं त्यात फायटिंगची आखणी आणि नायिका या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

ही लढणारी नायिका आली कुठून यावर एकमत नाही. काही अभ्यासक थेट चीनच्या थांग राजवटीतल्या, बहुधा नवव्या शतकातल्या, न्ये यिन्न्यांग या मारेकरी बाईच्या कथेपर्यंत मागे जातात, तर काही जण 1920च्या दशकाच्या शेवटी शांघायमध्ये आलेल्या मूकपटांच्या लाटेकडे बोट दाखवतात (1929चा 'रेड हिरॉइन' त्यातलाच), जी पुढे काही वर्षांतच सरकारी बंदीमुळे ओसरली. पण कथेत बाई तलवार चालवते एवढ्यावरून ती पडद्यावर हलते कशी हे कळत नाही, आणि तेच बघायचं तर बीजिंग ऑपेराचा (गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेलं चिनी रंगभूमीचं रूप) दावा जास्त पटतो, कारण तिथे लढणाऱ्या स्त्रीपात्राचा 'वूदान' नावाचा स्वतंत्र प्रकारच आहे. दुसरा पक्ष 1949पासूनच्या, कँटोनीज भाषेतल्या, दक्षिण चीनमधला कुंग फू गुरू वाँग फेई-हुंगवरच्या पटांचा, तिथे खऱ्या दक्षिणी कुंग फूवर भर होता, पण केंद्रस्थानी पुरुष.

दिग्दर्शक किंग हूच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये (1966) नायिका चेंग पेई-पेई मुळात डान्स शिकलेली, फाइट मास्टर हान यिंग-चिये ऑपेरात तयार झालेला. त्यामुळे मारामारी ताकदीवर नाही तर तालावर चालते: बराच वेळ सगळे स्तब्ध, नुसती नजरानजर, मग दोनचार झपाट्याचे वार आणि परत पोझ. बाकीचं काम एडिटिंग करतं. किंग हूच्याच 'अ टच ऑफ झेन'मधल्या बांबूच्या बनातली लढाई तर बघाच, उडी लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून मारलेली, पण शॉट इतके तोकडे कापलेत की माणूस हवेत गेला कधी आणि उतरला कधी हे डोळ्याला धड पकडताच येत नाही, आणि नेमकं हेच फार सुंदर आहे. या सिनेमाला 1975 साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला.

1970च्या दशकात तलवार मागे पडून हातापायांची मारामारी आली, त्यात अभिनेत्री अँजेला माओ महत्त्वाची, तीही ऑपेरातलीच. दक्षिणी कुंग फूच्या परंपरेतून नायिका घडवली ती दिग्दर्शक लाऊ कार-लिअँगने: 'माय यंग आंटी'साठी (1981) कारा हुईला पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.