किट लेन्सनंतर कोणती झूम लेन्स घ्यावी?

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स वापरून वर्ष-दीड वर्ष झालं की काउंटरवर एक मागणी हमखास येते : "सगळ्याला चालेल अशी एकच लेन्स द्या." अशा लेन्स मिळतात आणि आम्ही त्या विकतोही. पण तुमचं 'सगळं' म्हणजे काय, ते आधी ठरायला हवं. साताऱ्यातला हौशी फोटोग्राफर आषाढीच्या आधी लोणंद-तरडगावला पालखीच्या वाटेवर असतो, सप्टेंबरात कासला जातो आणि लग्नसराईत भाचीच्या हळदीला मंगल कार्यालयात उभा असतो. तिन्हीकडे लेन्सला वेगळं काम पडतं. तिन्ही कामं सारखीच चोख करणारी लेन्स अजून कोणत्याच कंपनीने काढलेली नाही.

आधी जुने फोटो उघडा

दुकानात येण्याआधी घरी एवढं करा. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत तो किती फोकल लेंथवर काढला, म्हणजे १८ ते ५५ मधल्या कोणत्या आकड्यावर, याची नोंद ठेवतो. आकडा लहान तितकं चित्र रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडलं की ती दिसते. मागच्या वर्षातले स्वतःला आवडलेले शंभरेक फोटो निवडा आणि हे आकडे बघत जा.

बरेचसे फोटो ५५ वर असतील तर तुम्हाला लांबचं जवळ आणायचं आहे. मग कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० घ्यायला हरकत नाही. सोनीवाल्यांसाठीही १८-१३५ आहे. तिचं वजन जेमतेम ३२५ ग्रॅम, त्यामुळे गड चढताना गळ्यात जाणवत नाही.

बरेचसे १८ वर असतील तर मात्र थांबा. अशा ग्राहकाने १८-२०० घेतली तरी त्याची अडचण तशीच राहते, कारण ती लेन्सही १८ पासूनच सुरू होते. त्याला मागे सरकायला जागा नाही, म्हणजे त्याला जास्त रुंद लेन्स हवी. कॅननची १५-८५ किंवा निकॉनची १६-८० बघा. १५ आणि १८ मध्ये कागदावर तीनच मिलिमीटरचा फरक दिसतो, पण दिवाणखान्यात सगळ्या घराचा फोटो काढताना त्या तिनात दोन्ही टोकांना एकेक माणूस जास्त मावतो.

आणि आकडे कसेही असोत, संध्याकाळचे आणि घरातले फोटो हललेले किंवा दाणेदार येत असतील, तर तुमची अडचण झूमची नाहीच. ती उजेडाची आहे.

उजेडाचा हिशेब

लेन्सवर १८-१३५ च्या पुढे एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १८ वर लेन्स एफ ३.५ पर्यंत उघडते, पण झूम करत गेलात की तोंड लहान होत ५.६ वर येतं. एफ २.८ च्या लेन्समधून ५.६ च्या चौपट उजेड आत येतो. कार्यालयातल्या दिव्यांत एफ २.८ वर १/१२५ सेकंदाला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवली की दाणे वाढतात) १६०० पुरत असेल, तर तोच फोटो ५.६ वर काढायला ६४०० लागेल. जुन्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) ६४०० ला नवरीच्या चेहऱ्यावर काय होतं, ते काढून बघितलेल्यांना सांगायला नको.

इथे ग्राहक लगेच विचारतात, "पण यात स्टॅबिलायझेशन आहे ना?" आहे. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस. काम एकच : तुमच्या हाताचं हलणं सावरणं. १३५ वर क्रॉप बॉडीने (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने) हातात धरून काढताना शटर साधारण १/२०० सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून हळू, नेऊ नये असा जुना नियम आहे. स्टॅबिलायझेशनमुळे त्याच्या बरंच खाली जाता येतं. देवळाची कमान, डोंगर, दीपमाळ अशा जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींसाठी ते उत्तम. हळद लावताना हलणारे हात, नाचणारी पोरं मात्र हललेलीच येणार, कारण हलतायत ती आणि लेन्स सावरते तुम्हाला.

घरगुती समारंभ हेच तुमचं मुख्य काम असेल तर लांब झूमचा मोह सोडा आणि सबंध झूमभर एफ २.८ देणारी लेन्स घ्या. डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) सिग्माची १७-५० एफ २.८ आता जुनी झाली, पण सेकंड हँड चांगली मिळते. मिररलेसला (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांना) सिग्माचीच १८-५० एफ २.८ आहे, सोनीच्या माउंटची (लेन्स बसायच्या खाचेची) जेमतेम २९० ग्रॅमची. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, हे मात्र घेताना लक्षात ठेवा. बजेट बसत नसेल तर आमचा सल्ला साधा आहे : किट लेन्स राहू द्या आणि ५० एफ १.८ घ्या. झूम नाही, चालत पुढे-मागे व्हावं लागतं. पण ५.६ च्या तुलनेत नऊपटीहून जास्त उजेड एवढ्या कमी पैशांत दुसऱ्या कशात मिळत नाही.

१८-३०० आणि १८-४००

टॅमरॉनची १८-४०० काउंटरवर ठेवली की गर्दी होते. ४०० चा आकडा आहेच तसा. वजन मात्र सातशे ग्रॅमच्या आसपास. शेवटच्या टोकाला तोंड एफ ६.३ वर येतं आणि तिथे चित्र मऊ पडतं, १८ ला सरळ भिंत थोडी फुगलेली दिसते. अशा बऱ्याच लेन्स जवळच्या वस्तूवर लिहिलेल्या आकड्याएवढं मोठं दाखवत नाहीत. ३०० चा खरा ३०० लांबवर बघतानाच मिळतो.

तरीही पालखीच्या वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणासाठी जाणाऱ्याला आम्ही हीच लेन्स सुचवू. तिथली धूळ, मधूनच येणारी सर आणि चहूबाजूंनी रेटारेटी. अशा जागी बॉडी उघडून लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती घेणं. क्षणात पताकांचा सगळा मेळा, क्षणात घोड्याचा डोळा, हे एकाच लेन्सने मिळतं आणि दिवसाउजेडी एफ ६.३ फारसा आड येत नाही. फोटो थोडा कमी धारदार आला तरी चालेल, पण तो आला पाहिजे.

कासला जाणाऱ्यांसाठी

इथे झूमचा आकडा विसरा आणि लेन्स किती जवळून फोकस घेते ते विचारा. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही फुलं-रोपं बोटाच्या पेराहून लहान, त्यात वाट सोडून आत जायचं नाही. कॅननची १८-१३५ सुमारे ३९ सेंटिमीटरवरून फोकस घेते, निकॉनची १८-१४० सुमारे ४५ वरून. एवढ्यावर तेरड्याचा गालिचा छान येतो आणि वाटेलगतचं एखादं फूलही बऱ्यापैकी मोठं मिळतं. एकट्या दवबिंदूने फ्रेम भरायची असेल तर मॅक्रो लेन्सच (अगदी जवळून मोठं दाखवणारी) लागते, झूमवर भागत नाही.

लाल पट्टीची २४-१०५

कॅननची २४-१०५ एफ ४ सेकंड हँड बाजारात खूप येते आणि लाल पट्टी (कॅननच्या महागड्या लेन्सची खूण) बघून लोक ती क्रॉप बॉडीवर लावायला घेतात. लेन्स उत्तम आहे, पण ती फुल फ्रेमसाठी (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी) बनवलेली. कॅननच्या क्रॉप बॉडीवर तिचं २४ हे ३८ सारखं वागतं, म्हणजे घरात आणि गल्लीत भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जावं लागतं. पुढे फुल फ्रेम घेणं नक्की असेल तरच ती घ्या. उलट बाजूने सांगायचं तर कॅननची ईएफ-एस (क्रॉप बॉडीसाठीची) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स (तीही क्रॉपसाठीची) बसते, पण फोटो कापून देते.

घेण्याआधी तपासायचं

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे स्वतःची मोटर असलेली लेन्सच लागते. मोटर नसलेली जुनी एएफ-डी लावलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. एएफ-पी घेतानाही बॉडीचं मॉडेल सांगा, कारण डी३१००, डी५१००, डी९० वर ती चालत नाही. पुढे मिररलेसवर जायचं मनात असेल तर कॅननच्या ईएफ (फुल फ्रेमच्या) आणि ईएफ-एस लेन्स ॲडाप्टरने नव्या बॉडीवर व्यवस्थित चालतात. निकॉनच्या एएफ-एससुद्धा.

सेकंड हँड लेन्स कुठूनही घ्या, पण आतून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, म्हणजे बुरशी. कितीही स्वस्त असली तरी आमच्या मते नको. लेन्स तोंड खाली करून धरा. झूमची नळी आपोआप घसरत असेल तर भाव कमी करून मागा. नवी घेताना बॉक्सवरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर एकच आहे का, बिलावर तो लिहिलाय का आणि वॉरंटी भारतातली आहे का, एवढं बघाच. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेल्या लेन्सची वॉरंटी कोणी मानत नाही.

साताऱ्याच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये, कपाटात बंद ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करा, गार झाल्यावर परत डब्यात टाका. तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्सच्या नळीत जाते. यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) आम्ही विकतो, तरी सांगतो : धुळीत आणि ठोसेघरच्या तुषारांत लावा, रात्री रोषणाईचे फोटो काढताना काढून ठेवा. नाहीतर दिव्यांची भुतं उमटतात. १८-१३५ कॅनन आणि १८-१४० निकॉन दोन्हींना ६७ मिलिमीटरचा फिल्टर बसतो.

येताना तुमची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन या. दोन-तीन लेन्स लावून दुकानात आणि बाहेर रस्त्यावर फोटो काढा, कार्ड घरी नेऊन मोठ्या पडद्यावर बघा आणि मग ठरवा. शनिवारी-रविवारी गर्दी असते, त्यामुळे निवांत बघायचं असेल तर मधल्या वारी सकाळी या.